सीआरपी नॉर्मल, म्हणून रोगी खोटारडा?

रक्त खोटं बोलत नाही, असा सिद्धांत एका गृहस्थांनी नुकताच मोठ्या आवेशात मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अंगात सूज असेल तर सीआरपी आणि ईएसआर या रक्ततपासण्यांचे आकडे वाढणारच. वाढले नसतील तर दुखणं मनाचं. रोग्याला औषध नको, कामाला लावा. झालं! संधिवाततज्ज्ञांनी आता दवाखाने बंद करून किराणा दुकानं टाकायला हरकत नाही.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात ते प्रथम सापडलं. इंटरल्युकिन-6 या सूज कळवणाऱ्या रेणूचा निरोप आला की यकृत ते भराभर सोडतं. पण प्रत्येक आजार हा निरोप तितक्याच जोरात धाडतो, असं गृहस्थांना कोणी सांगितलं? ल्युपस भडकलेला असतानाही सीआरपी पुष्कळदा जेमतेमच वाढतं. अँकायलोझिंग स्पाँडिलायटिसच्या कितीतरी रोग्यांच्या एमआरआयमध्ये कमरेच्या सांध्यांची सूज स्पष्ट दिसते आणि रक्ताचा रिपोर्ट मात्र स्वच्छ असतो. टोसिलिझुमॅब हे औषध तर इंटरल्युकिन-6चा रस्ताच अडवतं. ते घेणाऱ्याला जंतुसंसर्ग झाला तरी सीआरपी जागचं हलेलच असं नाही. मग त्याचा न्यूमोनियाही मनाचाच का?

ईएसआरची कथा याहून मजेदार. सायट्रेट मिसळलेलं रक्त उभ्या नळीत भरायचं आणि तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजायचं. नळी जरा कलली, आकडा वाढला. हिमोग्लोबिन कमी, आकडा वाढला. वय वाढलं, दिवस गेले, तरी वाढला. म्हणजे निव्वळ रक्तक्षय असलेली बाई गृहस्थांच्या लेखी आजारी आणि पहाटे ज्याची मूठ वळत नाही, गॅसचं बटण फिरत नाही, तो ढोंगी!

अशा रिपोर्टभक्त मंडळींशी आमचा वाद जुनाच. सवलतीच्या तपासणी-पॅकेजमध्ये आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला की ठणठणीत माणसाला संधिवाताचा शिक्का मारू नका, निरोगी माणसांतही तो सापडतो, असं म्हटलं तेव्हा आम्ही विज्ञानद्वेष्टे ठरलो होतो. तेव्हा रिपोर्टने धडधाकटाला आजारी केलं, आता तोच आजाऱ्याला धडधाकट करतोय.

शिवाय सूज नाही म्हणजे दुखणं खोटं, असंही नाही. फायब्रोमायल्जिया या आजारात सूज नसतेच, दुखणं असतं. आणि औषध न दिल्याने खर्च वाचतो म्हणाल, तर निदानाला उशीर होऊन झिजलेला सांधा फुकटात बदलून मिळत नाही.

तपासण्या नकोत असं नाही. त्याच रोग्याचे मागचे-पुढचे आकडे शेजारी ठेवले की त्या उपयोगी पडतात. संधिवात किती सक्रिय आहे हे ठरवणारा डीएएस-28 सुद्धा ईएसआर किंवा सीआरपीचा आकडा घेतोच; पण सोबत 28 सांध्यांपैकी दुखरे किती, सुजलेले किती आणि रोग्याला स्वतःला कसं वाटतं, हेही विचारतो. सांधे चाचपा. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासात जातो की दुपार होते, ते विचारा. याला वेळ लागतो. ओपीडीत तेवढा वेळ नसेल तर तसं सरळ सांगावं; रोग्याला खोटं पाडून ती उणीव झाकू नये.