किनारा चालणाऱ्यांचा की गाड्यांचा?

विशेष प्रतिनिधी, शिंदखेडा

शिंदखेडा तालुक्याला समुद्र नाही. तरीही राज्याच्या पर्यटनाची, आणि पर्यायाने कोकण किनाऱ्यावरील पर्यटनाची, सूत्रे काही वर्षे याच तालुक्याच्या लोकप्रतिनिधीकडे होती. शिंदखेड्याचे आमदार जयकुमार रावल यांनी २०१६ ते २०१९ या काळात राज्याचे पर्यटनमंत्रिपद सांभाळले. त्यानंतर किनाऱ्याबाबत बरेच काही घडले. २०२० मध्ये राज्याने किनाऱ्यावरील शॅकचे धोरण मंजूर केले. २०२५ मध्ये श्रीवर्धन, नागाव, पारनाका, गुहागर आणि लाडघर या पाच किनाऱ्यांना ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. रेवस-रेड्डी सागरी महामार्गावरील खाडीपुलांच्या कामांनाही चालना मिळाली आहे. या साऱ्या हालचालींत किनाऱ्याने पायी चालणाऱ्या पर्यटकाला नेमके काय मिळाले, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारलेला नाही. खान्देशातून सुटीसाठी कोकणात जाणाऱ्या कुटुंबांपुरताच हा प्रश्न मर्यादित नाही. तापीकाठच्या गावांसाठीही तो तितकाच महत्त्वाचा आहे.

आधी गाड्या, मग माणसे

मुंबईचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. मरिन ड्राइव्हच्या कठड्यालगत गेली अनेक दशके सर्व थरांतील माणसे फुकट फिरत आली आहेत. त्याच शहरातील नवा किनारी रस्ता मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने वाहनांसाठी खुला झाला. या रस्त्यालगतचे समुद्राकाठचे विहार क्षेत्र नागरिकांसाठी खुले व्हायला मात्र ऑगस्ट २०२५ उजाडला. बांधकामाच्या अडचणी असतील, सुरक्षिततेची कारणेही असतील. तरीही प्राधान्यक्रम कोणता होता, हे या दोन तारखांवरून समजते.

रेवस-रेड्डी मार्गाची कल्पना बॅ. अ. र. अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातील. सुमारे ५०० किलोमीटरचा हा मार्ग रखडला, त्याचे एक मोठे कारण खाड्या हे होते. कोकणचा किनारा सलग नाही. दर काही किलोमीटरवर खाडी आडवी येते. दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडला किंवा जयगड-तवसाळ येथील फेरीबोटींनी वाहनांचा वळसा वाचवला. बोटीची वाट पाहताना प्रवासी धक्क्यावर थांबतो, चहा घेतो, चार चौकश्या करतो आणि त्यातून गावात दोन पैसे येतात. खाडीवर पूल झाल्यावर स्थानिकांचा वेळ वाचेल, रुग्णाला रुग्णालय लवकर गाठता येईल. हे लाभ मोठेच आहेत आणि ते नाकारता येणार नाहीत. परंतु त्याच पुलावरून पर्यटकाची गाडी न थांबता पुढे निघून जाईल, हेही तितकेच खरे आहे. आरे-वारेच्या घाटरस्त्यावरून गणपतीपुळे ते रत्नागिरी हे अंतर गाडी तासाभरात कापते. पायी निघालेल्याला त्याच वाटेवर दिवस लागतो. त्या दिवसात त्याला दोन वेळचे जेवण, कोकम सरबत आणि कदाचित रात्रीचा निवाराही लागतो. किनाऱ्यावरील लहान व्यावसायिकाला परवडणारा पर्यटक तो हाच.

शॅक कोणासाठी?

किनाऱ्यावर चहा-नाश्त्याची सोय असावी, पण सिमेंटची भिंत उभी राहू नये, हा तोल साधणे सोपे नाही. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ ची, दुसरी २०११ ची आणि सध्याची २०१९ ची. सध्याच्या अधिसूचनेने किनाऱ्यावर तात्पुरते शॅक, स्वच्छतागृहे, कपडे बदलण्याच्या खोल्या अशा सुविधांना वाट करून दिली. मात्र भरतीरेषेपासून किमान दहा मीटर अंतर राखण्याची अट घातली. राज्याच्या २०२० च्या धोरणात पहिल्या टप्प्यासाठी केळवा, बोर्डी, वरसोली, दिवेआगर, गुहागर, आरे-वारे, कुणकेश्वर आणि तारकर्ली असे आठ किनारे निवडले गेले. परवान्यात आणि रोजगारात स्थानिकांना प्राधान्य हे त्याचे सूत्र होते.

सूत्र योग्यच आहे. प्रश्न अंमलबजावणीचा आणि जागेच्या निवडीचा आहे. सर्व शॅक वाहनतळाजवळ एकाच ठिकाणी दाटीने उभे राहिले, तर गर्दी आणि कचरा तेथेच साचतो आणि उरलेली पुळण ओस राहते. हेच शॅक, स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी ठराविक अंतराने असेल, तर त्यांतून आपोआप चालण्याची वाट तयार होते. एखाद्या वृद्धाला किंवा लहान मूल घेऊन आलेल्या बाईला दोन किलोमीटर चालावेसे वाटणे, हे पुढे बसायला जागा आणि सावली आहे की नाही यावर अवलंबून असते.

वाहनांचा उपद्रव हा आणखी एक मुद्दा. ओल्या वाळूवरून गाडी पळवण्याची हौस अनेक किनाऱ्यांवर दिसते. वेळास, आंजर्ले, गुहागर येथील वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. वेळासला ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने २००२ मध्ये संवर्धनाचे काम सुरू केले आणि पुढे कासव महोत्सवामुळे गावातील घरांना पाहुणे मिळू लागले. गाडीच्या चाकाखाली घरटे गेले, तर निसर्गाबरोबर त्या घराचे उत्पन्नही जाते.

भरतीचे भान

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. सहलीला आलेल्या माणसाला भरती-ओहोटीचे वेळापत्रक ठाऊक नसते, हे गृहीत धरूनच सुरक्षेची व्यवस्था करावी लागते. खान्देशातील माणसाला तर नदी माहीत असते, समुद्र नाही. गुडघाभर पाण्यातून चालत गेलेली वाट परतताना गळ्यापर्यंत येऊ शकते, याची त्याला कल्पना नसते. जीवरक्षक, धोक्याचे झेंडे आणि भरतीच्या वेळा मराठीत ठळकपणे लिहिलेला फलक, हा खर्च कोणत्याही सुशोभीकरणाआधीचा आहे. ‘ब्लू फ्लॅग’च्या निकषांत पाण्याची गुणवत्ता आणि पर्यावरण व्यवस्थापनाबरोबर सुरक्षितताही मोजली जाते. त्यामुळे मानांकन मिळालेल्या पाच ठिकाणची शिस्त इतर किनाऱ्यांवर केव्हा येणार, हे पाहावे लागेल.

तापीचा काठ

शिंदखेड्याहून सर्वांत सोयीचा समुद्र कोकणातला नव्हे, तर सुरतचा. शिंदखेडा आणि दोंडाईचा ही दोन्ही स्थानके सुरत-भुसावळ लोहमार्गावर आहेत. उधना-जळगाव दुहेरी मार्ग १६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळ्यातील कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाला. मुलताईला उगम पावलेली आणि शिंदखेड्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी तापी ७२४ किलोमीटरचा प्रवास करून सुरतजवळ डुमसच्या बाजूला समुद्राला मिळते. डुमसची वाळू काळसर आहे. मक्याची कणसे आणि टोमॅटोची भजी यांसाठी ती चौपाटी ओळखली जाते. म्हणजे ज्या पाण्याच्या मुखाशी सुरतकर संध्याकाळी फिरायला जातात, तेच पाणी आधी शिंदखेड्यावरून गेलेले असते.

सुलवाडे आणि सारंगखेडा येथील बॅरेजमुळे तापीत आता मोठा जलसाठा राहतो. सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा योजनेचे भूमिपूजनही फेब्रुवारी २०१९ मधील त्याच कार्यक्रमात झाले. पाणी शेताकडे नेण्याचे नियोजन असे कागदावर आले. काठावर माणसाने निवांत चालावे, याचे नियोजन मात्र झालेले नाही. मुडावदजवळचा पांझरा-तापी संगम आणि कपिलेश्वर, पलीकडच्या तीरावर फारुकींची जुनी राजधानी थाळनेर, खाली दत्तजयंतीच्या घोडेबाजारासाठी प्रसिद्ध असलेले सारंगखेडा. पाहण्यासारखे काठावर बरेच आहे. यात्रेला माणसे येतात, दर्शन घेतात आणि गाडीत बसून परततात.

येथे कोकणचा अनुभव उपयोगी पडतो. समुद्राला जशी किनारा नियमनाची रेषा, तशी नदीला पूररेषा असते. निळ्या पूररेषेच्या आत पक्के बांधकाम निषिद्ध मानले जाते, निळ्या आणि लाल रेषेच्या दरम्यान त्यावर निर्बंध असतात. कोकणात भरतीचे भान ठेवायचे, तसे येथे हतनूर धरणाच्या दरवाजांचे. वरून विसर्ग वाढला, की बॅरेजचे दरवाजे उघडतात आणि काठ बघता बघता पाण्याखाली जातो. ऑगस्ट २००६ मध्ये याच तापीने उकाई धरणाखाली सुरत शहर बुडवले होते. त्यामुळे कोट्यवधींचे काँक्रीट ओतून ‘रिव्हरफ्रंट’ उभारण्याचा मोह शिंदखेड्याने टाळलेलाच बरा.

त्याऐवजी संगमापासून सुरुवात करता येईल. पूररेषेबाहेर कडुनिंब आणि करंजाच्या सावलीची मातीची वाट, ठराविक अंतरावर पाणी आणि स्वच्छतागृह, पावसाळ्यात उचलून ठेवता येतील अशा टपऱ्या, आणि त्या चालवण्याचा पहिला हक्क काठच्या गावांतील महिला बचत गटांना. मेनूसाठी परप्रांताकडे पाहण्याची गरज नाही. कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत आणि शेवभाजी खायला धुळ्याचा माणूस दहा किलोमीटर सहज येतो. खान्देशचा उन्हाळा पाहता ही वाट मुख्यतः हिवाळ्यात आणि एरवी सकाळ-संध्याकाळीच वापरात राहील, हेही लक्षात घ्यावे लागेल. वाळूच्या वाहनांना या वाटेवर बंदी घालण्याचा निर्णय मात्र पहिल्याच दिवशी व्हायला हवा. कोकणात पुळणीवरच्या गाड्यांना वेळीच न रोखल्याने काय झाले, ते समोर आहे.

एवढ्या कामासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतींचे ठराव, जलसंपदा विभागाकडून पूररेषेची आखणी आणि विसर्गाच्या सूचनेची खात्रीची व्यवस्था, एवढ्यावर पहिले दोन किलोमीटर उभे राहू शकतात. ते लोकांच्या पायाखाली रुळले, तर पुढच्या अंतराची मागणी गावेच करतील.