उंदराचा मेंदू मोजून काय मिळते?

हाच प्रश्न आमच्या घरी ‘बी. ए. होऊन काय मिळते?’ असा विचारतात, म्हणून मला तो झोंबतो.

मेंदूतील काही पेशींचे कामच मुळी शेजारच्या पेशींना आवरण्याचे असते. त्या ‘गाबा’ नावाचे द्रव्य सोडतात. उंदराच्या मस्तिष्कस्तंभातील ऐकण्याच्या एका केंद्रात अशा पेशी जवळजवळ एक चतुर्थांश! (निफाडकडे द्राक्षांची विरळणी करणाऱ्यांना याचे नवल वाटायचे नाही.) १९९० साली अमेरिकेत कॅस्परी व सहकाऱ्यांनी पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली त्या मोजल्या, तेव्हा म्हाताऱ्या उंदरांत त्या बऱ्याच कमी भरल्या. गलबल्यात वृद्धांना बोलणे उमगत नाही, त्याचे हे एक कारण असावे असा कयास आहे. मग ही मोजणी निरुपयोगी कशी? लग्नघरात माझी आजी गप्प बसते आणि लोक म्हणतात, म्हातारी रुसली.