न पाहता घेतलेली गाडी

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

गेल्या वर्षी ऐन गणपतीच्या तोंडावर आमच्या दारात एक मोटार आली. स्वतःच्या चाकांवर नव्हे, ट्रकवर बसून आली. लाल रंगाची, जर्मन बनावटीची, दोघांपुरतीच जागा असलेली आणि बटण दाबले की छत दुमडून डिकीत जाणारी ती स्पोर्ट्स कार माझ्या थोरल्या भावाने दिल्लीच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून घेतली होती. घेण्यापूर्वी त्याने ती एकदाही प्रत्यक्ष पाहिली नव्हती. मोबाइलच्या पडद्यावर मात्र शंभर वेळा पाहिली होती. गाडी ट्रकवरून उतरली तशी गल्लीतली पोरे गोळा झाली. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, शेजारच्या काकूंनी हळदकुंकू वाहिले. ट्रक ड्रायव्हरला परतायची घाई होती, म्हणून ओवाळणी चालू असतानाच दादाने ‘गाडी सुस्थितीत मिळाली’ या पावतीवर सही करून दिली. मग सर्वांच्या समोर त्याने छताचे बटण दाबले. छत वीतभर उचलले गेले, कण्हल्यासारखा आवाज झाला आणि ते तिथेच अडकले. त्याच संध्याकाळी पाऊस आला. आमच्या घरची पहिली रात्र त्या गाडीने ताडपत्रीखाली काढली.

ही हकिकत मी हसू यावे म्हणून सांगत नाही. दादाचे शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत छोटेसे वर्कशॉप आहे. त्या गाडीत त्याची सहा वर्षांची बचत होती आणि आईने पोस्टात ठेवलेले दोन लाख रुपये होते. त्यानंतरचे कित्येक दिवस घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. आबा तेवढे एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत. “तुझा आजा वडगावच्या बाजारात बैल घ्यायचा, तर आधी दात बघायचा, मग चालवून बघायचा, आणि मगच हेड्याच्या रुमालाखाली हात घालायचा. तुम्ही शिकलेली माणसं, फोटो बघून लाखांचा व्यवहार करता!”

आबांच्या बोलण्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? तरीही मला त्यांचे म्हणणे पूर्ण पटत नाही. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख.

दादाने इतक्या लांबची गाडी का घेतली, हे आधी पाहू. घरगुती वापराची जुनी गाडी हवी असेल तर ती गावातच दहा ठिकाणी मिळते. स्पोर्ट्स कारचे तसे नाही. आपल्याकडे असल्या गाड्या कधी मोठ्या संख्येने झाल्याच नाहीत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या शेजारच्या गोव्यात ‘सान स्टॉर्म’ नावाची दोन आसनी छोटी उघडी गाडी तयार झाली होती. ती फार थोडी निघाली आणि पुढे बंद पडली. बाकीच्या बहुतेक परदेशी, आणि त्या दिल्ली, मुंबई, बंगळूर अशा शहरांतल्या श्रीमंतांच्या दारात. ज्याला अशी गाडी हवी त्याला दूरच बघावे लागते. दिल्लीच्या गाड्या स्वस्त मिळण्याला आणखी एक कारण आहे. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्या दिल्ली परिसरातील रस्त्यांवर आणू नयेत, या हरित न्यायाधिकरणाच्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दुजोरा दिला. २०२५ मध्ये न्यायालयाने या कारवाईला काहीसा आवर घातला. पण गाडी जुनी होत आली की ती बाहेरच्या राज्यात विकून मोकळे व्हावे, असा तिथल्या मालकांचा हिशेब असतो. दादाची गाडी २०१२ ची, पेट्रोलवर चालणारी. म्हणजे तिची पंधरा वर्षे भरत आली होती. स्वस्ताईचे कारण हे असू शकते, हे दादाला ठाऊक होते. त्याला ठाऊक नव्हती ती बाकीची कारणे.

आता आबांच्या बैलाकडे येतो. समजा, दादा दिल्लीला गेला असता, तर काय झाले असते? मला माझा भाऊ माहीत आहे. लेथवर सूतभराचा फरक त्याच्या नजरेतून सुटत नाही. पण त्या लाल गाडीसमोर उभा राहिला असता तर त्याची नजर त्याच्या ताब्यात राहिली नसती. व्यापाऱ्याने पॉलिश केलेले बॉनेट, तापवून ठेवलेले इंजिन आणि हातात दिलेला चहा. दादाने तिथेच होकार दिला असता आणि वर गाडीभाड्याचा खर्च झाला असता. बैलाचे दात तोंडात असतात, ओठ वर केला की दिसतात. मोटारीचे दात असे बाहेर नसतात. तिचा क्लच किती झिजला, ती कधी आपटली होती का, मागच्या मालकाने ती कशी पिटाळली, हे डोळ्यांना दिसत नाही. ते विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते.

हा एका वाक्याचा विचार अर्थशास्त्रात फार मोठा ठरला आहे. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा जुन्या मोटारींच्या बाजारावरचा निबंध १९७० साली प्रसिद्ध झाला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. अमेरिकेत खोडसाळ, सदा बिघडणाऱ्या गाडीला ‘लिंबू’ म्हणतात. अकरलॉफ यांचा मुद्दा असा की, चांगली गाडी कोणती आणि लिंबू कोणते हे ग्राहकाला कळत नसेल, तर तो दोन्हींसाठी मधलीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या गाडीच्या मालकाला विकणे परवडत नाही, लिंबूवाल्याला मात्र ती फायद्याची वाटते. चांगला माल हळूहळू बाजारातून निघून जातो आणि वाईट माल उरतो. या आणि पुढच्या कामाबद्दल त्यांना २००१ मध्ये मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

वर्गात हा निबंध शिकताना मला एका गोष्टीचे नवल वाटले. अकरलॉफ १९६७-६८ मध्ये वर्षभर दिल्लीतच, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये होते. त्यांच्या निबंधात भारतातील सावकारीचा विचार आहे. गरीब देशांतील बाजारात तांदळात मुद्दाम मिसळलेल्या, तांदळाच्याच रंगारूपाच्या खड्यांचाही उल्लेख आहे. ते गृहिणींना एक एक करून निवडावे लागतात. हे वाचले आणि मला सुपात तांदूळ घेऊन बसलेली आई दिसली. आईने दुकानदारावर कधी आंधळा विश्वास ठेवला नाही आणि त्याच्याशी कधी भांडणही केले नाही. ती फक्त निवडते.

तेव्हा माझे मत असे की, दूरवरची गाडी न पाहता घेण्यात मूळ दोष अंतराचा नाही. दोष न निवडण्याचा आहे. आणि दुरून निवडायचे तर डोळ्यांऐवजी शब्द आणि कागद निवडावे लागतात. इथे आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना, ज्यांना घरात ‘तुझ्या शिक्षणाचा उपयोग काय’ असे विचारले जाते, थोडेसे सांगण्यासारखे आहे.

दादाने मला ती जाहिरात दाखवली होती. ‘अत्यंत देखणी, शोरूमसारखी, एकहाती वापरलेली, लाडाने जपलेली, अगदी कमी चाललेली.’ पाच विशेषणे! व्याकरणात आपण शिकतो की विशेषण हे नामाला चिकटून राहते. या जाहिरातीत नाम शोधूनही सापडत नव्हते. चॅसिसचा सतरा अक्षर-अंकांचा क्रमांक नव्हता. सर्व्हिसिंगच्या तारखा नव्हत्या. कितवा मालक ते नव्हते. कर्जाचा बोजा आहे की नाही ते नव्हते. विशेषणाबद्दल कोणाला न्यायालयात खेचता येत नाही. ‘देखणी’ म्हणजे किती देखणी, हे कोण ठरवणार? पण ‘छत पूर्ण उघडते व मिटते’ या वाक्याला पुरावा लागतो.

आपल्या कायद्याने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली आहे. १९३० च्या मालविक्री कायद्यात ‘वर्णनावरून विक्री’ असे कलमच आहे. माल वर्णन सांगून विकला असेल तर तो त्या वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे, ही अट न लिहिताही त्यात गृहीत असते. त्या काळी मोबाइल नव्हते. पण पत्रावरून माल मागवणे होतेच. माल हाती आल्यावर तो तपासण्याची वाजवी संधी घेणाऱ्याला मिळाली पाहिजे, असेही तो कायदा म्हणतो. दादाने ती संधी ओवाळणीच्या गडबडीत सहीसकट सोडून दिली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे; दिल्लीच्या व्यापाऱ्यासाठी दिल्लीला खेटे घालायला नकोत. पण या सगळ्या कायद्यांना लिहिलेले शब्द लागतात. दादाजवळ फोनवरची गोड बोलणी होती.

आपण शेत घेताना सातबारा पाहतो, बोजा आहे का ते पाहतो. गाडीचाही सातबारा असतो. परिवहन खात्याच्या ‘वाहन’ प्रणालीवर तो घरबसल्या पाहता येतो. दादाने तो पैसे दिल्यानंतर पाहिला. त्यात एका बँकेचा बोजा अजून उभा होता. बोजा उतरल्याशिवाय मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला नाही, आणि दाखल्याशिवाय इथे नाव लागत नाही. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवायची तर इथला क्रमांक घ्यावाच लागतो. नाव बदलण्याचे महत्त्व विकणाऱ्यालाही कळले पाहिजे. नोंदीवर ज्याचे नाव तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. आणि व्यापाऱ्याचे म्हणाल, तर १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यालाही परिवहन खात्याचे अधिकारपत्र घ्यावे लागते. ते दाखवा म्हणायला दोन मिनिटे लागली असती. दादाला तसे विचारणे अपमानास्पद वाटले.

गाडीच्या अंगावरही पुष्कळ लिहिलेले असते. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या गाडीच्या टायरवर ३४१८ होते, म्हणजे २०१८ चा चौतिसावा आठवडा. मीटर सांगत होता एकोणीस हजार किलोमीटर. पहिले टायर सहा वर्षांत कसे बाद झाले, असा प्रश्न एका फोटोवरूनही विचारता आला असता. ब्रेकच्या पायट्यावरचे रबर गुळगुळीत झाले होते. पुढे दादाने जुन्या सर्व्हिसिंगची नोंद मिळवली, तेव्हा २०१९ मध्येच गाडी एकेचाळीस हजार चालली होती, असे निघाले. कमी चाललेली गाडी म्हणजे तरुण गाडी हा समजही स्पोर्ट्स कारच्या बाबतीत फसवा आहे. वर्षानुवर्षे उभी राहिलेल्या गाडीचे रबर, बॅटरी, तेल सगळेच म्हातारे होते. आणि थोडीच चाललेली गाडी त्या थोड्या चालीत बेफाम पिटाळलेली असू शकते.

मग करायचे काय? माझ्या मते, त्या शहरातला, व्यापाऱ्याशी संबंध नसलेला एखादा मेकॅनिक पैसे देऊन तपासणीला पाठवावा. गाडी थंड असताना सुरू करताना आणि छत उघडताना सलग चित्रफीत मागावी. जे जे सांगितले ते लेखी घ्यावे. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत, आणि त्यातला मोठा टप्पा ना-हरकत दाखला हाती येईपर्यंत राखावा. यावर व्यापारी म्हणाला की ‘दुसरे गिऱ्हाईक उभे आहे’, तर त्या गिऱ्हाइकाला आपल्या शुभेच्छा द्याव्यात.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, इतका संशय घेऊन हौसेची गाडी कशाला घ्यायची? दादा मला हेच म्हणाला होता. “अगं, सगळं तोलूनमापून घ्यायचं असतं तर मी टेम्पो घेतला असता.” या वाक्याने मला बराच काळ गप्प केले. खरे आहे, स्पोर्ट्स कार ही गरज नव्हे, ते एक वेड आहे, आणि वेडाशिवाय आयुष्य रुक्ष होते. पण तपासणी करणे म्हणजे संशय घेणे, हेच मला मान्य नाही. प्रामाणिक व्यापाऱ्याला तपासणीची भीती नसते. उलट तपासणारे ग्राहक असतील तरच त्याच्या चांगल्या मालाला चांगली किंमत येते. न तपासता घेणारा ग्राहक आपल्या एकट्याचे नुकसान करत नाही. तो लिंबू विकणाऱ्याला पोसतो आणि चांगल्याला बाजारातून उठवतो.

आमच्या गाडीचे पुढे काय झाले, ते सांगून टाकतो असे लिहिणार होते; पण मी मुलगी आहे, तेव्हा ‘सांगून टाकते’. दाखला यायला पाच महिने लागले. सुदैवाने जाहिरातीचे शब्द मी मोबाइलवर जपून ठेवले होते. त्यात एका कोपऱ्यात ‘छत चालू’ हे एकच नाम-क्रियापदासारखे वाक्य होते. त्याच्या आधारावर आम्ही वकिलाची नोटीस पाठवली, तेव्हा व्यापाऱ्याने साठ हजार परत केले. ते आईने पुन्हा पोस्टात ठेवले. छताचा पंप दादाने स्वतः खोलला, खराब झालेली सीले बदलली, आणि मार्गशीर्षातल्या एका सकाळी छत उघडून आबांना पन्हाळ्याला नेऊन आणले. आबा परतल्यावर काही बोलले नाहीत. जेवताना मात्र म्हणाले, “बैल चांगला आहे. दात बघायचे राहिले, एवढंच.”

दादा आता मित्रासाठी आणखी एक गाडी शोधतो आहे, बंगळूरची. परवा त्याने जाहिरात माझ्यापुढे धरली आणि लाल पेन दिले. मी विशेषणे खोडत गेले. खाली तीन ओळी उरल्या. त्या तीन ओळींवर आम्ही आता सात प्रश्न लिहून पाठवले आहेत. उत्तराची वाट पाहतो आहोत.