नखरे कोणाचे?

पेपरांच्या पुरवण्या शहाणपण शिकवतात : पोर जेवत नाही? ताट सजवा. पोळीला डोळे काढा, वर चीज किसा. सजवा बाबांनो, ताट तुमचं, पोर तुमचं.

पण आमच्या वस्तीतलं तीन वर्षांचं पोर अंगणवाडीतली तीच ती पातळ खिचडी ढकलतं, तेव्हा त्यालाही नखरेल म्हणता? हे आम्ही ऐकून घेणार नाही.

पोराचं पोट मुठीएवढं. पाणचट खिचडीनं ते भरतं, अंगाला काय लागत नाही. त्याला थोडं, घट्ट, चवीचं पाहिजे. आमच्या आयांना हे कुणी शिकवलं नाही : डाळीत कुस्करलेली भाकरी, वर तेलाची धार. काटे काढून चुरलेला भाजका बोंबील. उकडलेलं अंडं बारीक करून. एका अंड्यात सहाएक ग्रॅम प्रथिनं. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यात अंगणवाडीच्या पोरामागे रोजचे 12 ते 15 ग्रॅम लिहिले होते.

मग अंडं अडतं कुठं? नोव्हेंबर 2023 मध्ये सरकारनं शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडं मंजूर केलं. न खाणाऱ्याला केळं होतंच. तरी सोवळ्यांनी बोंब मारली. जानेवारी 2025 मध्ये पैसे बंद. पाहिजे तर लोकवर्गणी काढा!

2019-21च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरात 35 पोरं वयाच्या मानानं खुजी निघाली. हे नखऱ्यानं झालं?

नखरे सोवळ्याचे, उपास आमच्या पोरांचा. दोस्तांनो, अंगणवाडीच्या दारात उभं राहून अंडं मागा. वर्गणी नको. हक्क पाहिजे.