लॉकरमधलं पेन बाहेर काढा

निवृत्तीच्या समारंभात मिळालेलं, मुलीने पहिल्या पगारातून आणून दिलेलं किंवा वडिलांच्या माघारी त्यांच्या टेबलाच्या खणात सापडलेलं एखादं भारी शाईचं पेन पुष्कळ घरांत असतं. मखमली डबीत घालून ते कपाटात ठेवलेलं असतं आणि कपाटाला कुलूप असतं. माझी कळकळीची विनंती आहे, ते पेन या आठवड्यात बाहेर काढा, टोपण उघडा आणि निब नीट बघा. निबवर निळाकाळा थर वाळून बसला असेल तर डबीने पेन राखलेलं नाही, हे समजून घ्या.

महागडी पेनं वापराने फार थोडी बिघडतात. शाई भरून विसरली गेल्यामुळेच ती जास्त बिघडतात. शाईतलं पाणी उडून जातं, रंग मागे उरतो. निबला मधोमध एक चीर असते आणि निबखालच्या जिभेवर केसासारखे बारीक चरे असतात. याच वाटेने शाई आपोआप टोकाशी येते. वाळलेला रंग नेमका तिथे अडकतो. पिस्टनच्या पेनात तो आतल्या भिंतीला चिकटतो आणि पिस्टनही कोरडा पडतो. मग काही वर्षांनी कोणीतरी मागची मूठ जोर लावून फिरवतं आणि आतलं काहीतरी कटकन तुटतं. म्हणून अडलेल्या पेनावर जोर करायचा नाही. आधी पाणी, मग वाट पाहणं, मग पुन्हा पाणी.

पाणी थंड किंवा साधं हवं. गरम पाण्याने शाई लवकर सुटेल असं वाटतं खरं, पण गरम पाण्याने जीभ वाकडी होऊ शकते आणि जुन्या पेनाचा काळा रंग पार उतरतो. बोअरचं पाणीही नको. त्यातल्या क्षारांचा जो पांढरा थर बादलीच्या कडेला धरतो, तोच पेनाच्या आत धरतो. घरात फिल्टरचं पाणी असेल तर ते घ्या. निब पाण्यात बुडवून पाणी आत ओढा, बाहेर सोडा, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करत राहा. शाई फारच वाळली असेल तर कपात फक्त निब बुडेल एवढं पाणी घेऊन पेन रात्रभर उभं ठेवा. अख्खं पेन पाण्यात टाकू नका. सकाळी निब खाली करून टिश्यू पेपरवर टेकवा, उरलेलं पाणी कागद ओढून घेईल. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश काढायचं द्रव यांतलं काहीही पेनाजवळ आणू नका. पेनाचं अंग ज्या सेल्युलॉइडचं किंवा प्लास्टिकचं असतं, ते यांत विरघळतं.

आता शाईविषयी, कारण सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. चित्रकलेची वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक टाकासाठी ठीक आहे, पण फाउंटन पेनात कधीही नको. तिच्यात लाख असते, ती आत वाळली की पाण्याने सुटत नाही. चमकीच्या शाया दिसतात सुंदर, पण त्यांचे कण चऱ्यांत बसतात. त्या स्वस्त, सहज उघडता येणाऱ्या पेनात भरा. भारी पेनासाठी साधी, पाण्याने धुऊन जाणारी निळी शाई सगळ्यात सुरक्षित. पेलिकनची ४००१, वॉटरमनची निळी, पार्करची क्विंक या मुरलेल्या शाया आहेत. शाईसाठी फार खर्च करायचीही गरज नाही. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाई बनवायला सुरुवात केली, त्यातून पुढे कॅम्लिन उभी राहिली. त्यांची शाळेतली रॉयल ब्लू माँ ब्लाँच्या पेनातही निर्धास्त भरावी, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन कंपन्यांच्या शाया मात्र एकत्र करू नका आणि पेनातली उरलेली शाई परत बाटलीत ओतू नका. पावसाळ्यात शाईला बुरशी येते. बाटलीला कुबट वास आला किंवा शाईत तंतू तरंगताना दिसले, तर ती बाटली भरलेली असली तरी टाकून द्या.

जुनी शाई जुन्या पेनाबरोबर मिळाली म्हणून ती वापरावी, हा मोह अनेकांना होतो. पार्करने १९४१ मध्ये ५१ नावाचं पेन बाजारात आणलं, तेव्हा त्याच्यासाठी झटकन वाळणारी खास शाई काढली होती. ती इतकी जहाल होती की त्या पेनाचं अंग मुद्दाम ल्युसाइट या टणक प्लास्टिकचं केलं. ती शाई सेल्युलॉइडच्या पेनात गेली तर पेन संपलंच. जुनी बाटली शोभेसाठी ठेवा.

पार्कर ५१ विषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण घरोघरी सापडणाऱ्या मौल्यवान पेनांत हे पेन हटकून असतं. त्याची निब झाकलेली असते, टोकाचा तेवढा ठिपका बाहेर दिसतो. निब दिसत नाही म्हणून लोक पुढचा भाग पकडीने पिळतात आणि तो तडकतो. तो भाग लाखेने चिकटवलेला असतो, त्याला हात लावू नका. मागचं अंग फिरवून बघा. अख्खं अंग सुटून आत धातूची नळी आणि तिच्यावर दाबायची पट्टी दिसली तर ते १९४८ नंतरच्या जातीचं पेन आहे. त्याची आतली पिशवी प्लास्टिकची असते आणि बहुतेक वेळा आजही शाबूत असते. धुऊन, भरून लगेच लिहिता येईल. शेवटचं छोटं टोपण तेवढं निघून आत दांडा दिसला, तर ते आधीचं आहे. त्यात रबराचा पडदा असतो, तो इतक्या वर्षांत कडक झालेला असणारच. तो दांडा दाबून बघू नका. आधी जाणकाराकडून पडदा बदलून घ्या.

माँ ब्लाँचं मायस्टरश्टुक १९२४ पासून निघतं आणि त्यातलं जाडजूड १४९ हे १९५२ चं. निबवरचा ४८१० हा आकडा म्हणजे माँ ब्लाँ शिखराची मीटरमधली उंची. हे पेन दिसतं दणकट, पण त्याचं काळं अंग उंचावरून फरशीवर पडलं तर तडकतं. म्हणून टोपण टेबलावर बसूनच उघडावं. त्याची निब हाताने काढू नये, त्याला वेगळं हत्यार लागतं. पेलिकनचं तसं नाही. १९२९ पासून पिस्टनची पेनं बनवणाऱ्या या जर्मन कंपनीच्या सूवरेन मालिकेतल्या पेनांची निब जिभेसकट आट्यांवर फिरून निघते, त्यामुळे धुणं फार सोपं. पहिलं भारी पेन घ्यायचं मनात असेल तर मी पेलिकन सुचवेन, ते याच एका कारणासाठी.

पेनाचं अंग कशाचं आहे हे ओळखायला शिका. त्यावरून ते कुठे ठेवायचं हे ठरतं. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. राजमहेंद्रीची रत्नम पेनं याचीच, स्वदेशीच्या काळात ती गांधीजींच्या हाती पोहोचली होती. एबोनाइट ऊन आणि पाण्याने तपकिरी, हिरवट पडतं, आणि तो बदल परत फिरवता येत नाही. सेल्युलॉइडचे रंग डोळ्यांत भरतात, पण ते लवकर पेट घेतं आणि उष्णतेने वाकतं. विदर्भातल्या उन्हाळ्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर असं पेन ठेवू नका. फिक्या रंगाचं सेल्युलॉइड तर आतल्या रबरी पिशवीतून सुटणाऱ्या गंधकानेही काळवंडतं. अशी पेनं हवाबंद डबीत कोंडू नका, टोपण काढून हवेशीर खणात ठेवा. जपानच्या नामिकीची माकी-ए पेनं लाखेच्या थरांवर सोन्याची पूड टाकून रंगवलेली असतात, एकेकाला कित्येक महिने लागतात. त्यांना उन्हापासून जपा. पुसायला मऊ सुती कापड पुरे.

कपाटात डांबराच्या गोळ्या असतील तर पेन तिथून हलवा, त्यांच्या वाफा काही प्लास्टिकना मऊ करतात. पेनाला रबरबँड गुंडाळू नका, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात चामड्याच्या पाउचला बुरशी येते, त्यामुळे त्या चार महिन्यांत पेन सुती कापडात ठेवलेलं बरं.

चांदीचं किंवा सोन्याचा मुलामा दिलेलं पेन टूथपेस्ट, रांगोळी किंवा पितांबरीने घासू नका. देवाच्या भांड्यांना जे चालतं ते इथे चालत नाही. मुलामा केसाहून कितीतरी पातळ असतो आणि एकदा गेला की खालचं पितळ उघडं पडतं. संग्राहक तर हलका काळसर डाग असलेलं पेन पसंत करतात, घासून गुळगुळीत केलेल्या पेनाची किंमत पडते. कोरलेलं नावही घासून काढू नका. त्या नावामुळेच पेन कोणाचं हे कळतं.

लिहिताना दाबू नका. बॉलपेनची सवय असलेला माणूस निब दाबतो आणि तिच्या दोन फाका फाकतात. म्हणून खिशात एक साधं पेन ठेवा आणि सहीसाठी कोणी पेन मागितलं तर ते द्या, कोणाला राग येत नाही. कार्बन लावलेल्या फॉर्मवर तर या निबने कधीच लिहू नका. टोपण मागे खोचायची सवय असेल तर मोडा. त्याने अंगावर गोल ओरखडे उमटतात आणि टोपणाची कड उलते. परदेशात मुलांकडे जाताना विमानात पेन पूर्ण भरलेलं किंवा पूर्ण रिकामं न्या, आणि निब वर करून. अर्धवट भरलेल्या पेनातली हवा वर गेल्यावर फुगते आणि शाई बाहेर ढकलते.

हे सगळं वाचून पेन परत डबीत ठेवावंसं वाटलं, तर थांबा. रोज चार ओळी लिहिलेलं पेन क्वचितच अडतं. वाणसामानाची यादी लिहा, नातवाला पत्र लिहा, हिशेब लिहा. महिनाभर लिहिणं होणार नसेल तर रिकामं करून, धुऊन, पूर्ण वाळवून ठेवा. ज्याच्याकडे दहा-वीस पेनं आहेत, त्याने एका वेळी दोन-तीनच भरावीत.

आणि एक वही करा. प्रत्येक पेनाचं नाव, कोणी कधी घेतलं, कोणती शाई भरली, कधी धुतलं, हे तिच्यात लिहून ठेवा. डबी, बिल आणि कागद जपा. पुढे मुलांना विकायचं झालं तर अस्सलपणा सिद्ध करायला हेच उपयोगी पडतं, कारण भारी पेनांच्या नकला सर्रास मिळतात. दुरुस्तीला देताना पेनाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि काय करायचं ते चिठ्ठीवर लिहून द्या. निब खरखरते म्हणून घरी सँडपेपरवर घासू नका, टोकावरचा कठीण धातूचा ठिपका झिजला की तो परत बसवणारे फार थोडे आहेत. कोणी निब बदलायला सांगितलं तर आधी दुसरं मत घ्या. बदललीच, तर जुनी निब मागून घ्या आणि पेनाच्या डबीत ठेवा.