बत्तीचा उजेड

परवा नातवाबरोबर श्रीवर्धनकडच्या एका जेट्टीवर रात्री बसलो होतो. एक पोरगा पाण्यावर बॅटरीचा झोत धरून गळाने माकूल काढत होता. उजेडाला आधी बारीक मासळी येते, तिच्यामागे माकूल. दोन तासांत पाच मिळाले. "कालवणापुरते झाले," म्हणून तो उठला.

मला पाचाडच्या पावसाळी रात्री आठवल्या. गॅसबत्ती घेऊन आम्ही ओढ्यात खेकडे धरायचो. एकदा पोटाखाली पिलं असलेली मादी मी टोपलीत टाकली. वडिलांनी काही न बोलता ती परत पाण्यात सोडली. मी रुसलो होतो, आज कळतं.

भर समुद्रात प्रखर एलईडी दिव्यांनी मासळी गोळा करून सगळीच उपसतात. केंद्राने २०१७ साली यावर बंदी घातली, राज्याने २०२१ साली दंड लाखांत नेला. तरी तक्रारी थांबत नाहीत. माकूल जेमतेम वर्षभर जगतो. अंडी घालायच्या आधीच उपसला, तर पुढच्या वर्षी त्या पोराच्या गळाला काय लागणार?

मला वाटतं, समुद्रात पाठलाग करण्यापेक्षा बोट बंदरातून सुटतानाच तिच्यावरचे दिवे आणि जनरेटर तपासावेत. दोष उजेडाचा नाही, 'पुरे' न म्हणण्याचा आहे.

असो. तुम्हाला काय वाटतं?