पोलोन्नारुव्यात सायकलची घंटी



श्रीलंकेला जाणारी आपली मंडळी बहुधा अनुराधपूरचा बोधिवृक्ष आणि कँडीच्या दंतधातूचे मंदिर पाहून परततात. जमल्यास एक दिवस पोलोन्नारुव्यासाठी राखून ठेवावा. ही जुनी राजधानी सायकलवरून पाहण्यासारखी आहे. सायकली भाड्याने मिळतात, वाट सपाट आहे आणि बरीचशी झाडांच्या सावलीतून जाते.

आम्ही सकाळी लवकर निघालो. सायकलवर बसताना मला वडील आठवले. गावात वरच्या आळीतून जाताना ते सायकलवरून उतरत, ती हातात धरून चालत आणि आळी मागे पडल्यावरच पुन्हा टांग मारत. इथे राजाच्या पडक्या वाड्यासमोरून त्यांची नात घंटी वाजवत गेली!

हा वाडा पहिल्या पराक्रमबाहूचा. त्याने ११५३ ते ११८६ राज्य केले. लोकांच्या उपयोगी पडल्याशिवाय पावसाचा थेंबही समुद्राला जाऊ नये, हे त्याचे धोरण. गावाला लागूनच त्याच्या नावाचा अफाट तलाव आहे, ‘पराक्रम समुद्र’. त्याचे पाणी आजही शेतीला मिळते. काठावर पाणकावळे पंख वाळवत बसतात, बांधावरून घोरपड सरपटत जाते. तिथे उभे राहिल्यावर १९२७ चे महाड आठवल्याशिवाय राहत नाही. पाणी सर्वांचे, ही साधी गोष्ट सांगायला बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला.

अवशेषांत तांबूस माकडांचे कळप फिरतात. सिंहली लोक त्यांना ‘रिलावा’ म्हणतात. ही जात फक्त श्रीलंकेतच आढळते. १९६८ पासून शास्त्रज्ञ इथल्या कळपांचा अभ्यास करीत आहेत. त्यांना दिसले की माकडिणीचा दर्जा तिच्या आईवरून ठरतो. वरच्या दर्जाचे माकड खालच्याच्या गालात साठवलेला घासही काढून घेते. हे ऐकून मुलगी म्हणाली, “बाबा, म्हणजे जात माकडांची!”

पुढे गल विहार. एकाच कातळात बुद्धाच्या चार मूर्ती कोरल्या आहेत. उभी मूर्ती सुमारे २३ फूट, महापरिनिर्वाणाची ४६ फूट. शेजारच्या शिलालेखात राजाने भिक्खूसंघासाठी घालून दिलेले आचारनियम आहेत. आम्ही चपला काढून त्रिशरण म्हटले.

पण खरे तेही सांगितले पाहिजे. अठराव्या शतकात याच बेटावरील सियाम निकायाने उपसंपदा फक्त गोयिगम या वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीपुरती ठेवली. नाकारलेले गप्प बसले नाहीत. ते ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घेऊन आले आणि १८०३ साली अमरपूर निकाय उभा राहिला. म्हणजे बुद्धाच्या देशातही जात शिरू शकते. मे १९५० मध्ये कोलंबोच्या बौद्ध परिषदेला गेलेल्या बाबासाहेबांनी म्हणूनच सारे डोळे उघडे ठेवून पाहिले. आपल्या विहारातही, आपल्या सोयरिकीतही पोटजातीचे माकड बसलेले नाही ना, हे आपणही पाहावे.

श्रीलंकेला जाणे सर्वांना परवडणार नाही. पण घरात जुनी का होईना, सायकल असेल तर मुलीला ती शिकवा आणि भर वस्तीतून घंटी वाजवत जाऊ द्या.

नमो बुद्धाय! जयभीम!